सुरक्षिततेची सिद्धता: कॉम्प्युटर सिक्युरिटी आणि फॉर्मल मेथड्सच्या संशोधनात शिरताना

१९७८ साली रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी एक प्रोटोकॉल मांडला. नेटवर्कवरच्या दोघांनी एकमेकांची ओळख कशी पटवून घ्यावी, हा त्याचा विषय. त्याच्या पब्लिक-की आवृत्तीचा गाभा अवघ्या तीन निरोपांचा होता. तो पाठ्यपुस्तकांत गेला, वर्गावर्गांत शिकवला गेला, आणि पुढे आलेल्या बॅन लॉजिक या प्रोटोकॉल तपासायच्या पद्धतीत त्याचं रीतसर विश्लेषणही झालं. १९९५ साली गॅव्हिन लो यांनी त्यावरचा हल्ला दाखवला. तीन ओळींतली चूक सतरा वर्षं जाणकारांच्या डोळ्यांसमोर होती.

अशा चुका माणसाच्या नजरेवर न सोपवता गणित आणि यंत्र यांच्या मदतीने पकडायच्या, किंवा त्या नाहीतच हे सिद्ध करायचं, हे सिक्युरिटी आणि फॉर्मल मेथड्स जिथे एकत्र येतात त्या संशोधनाचं काम. हा लेख त्यात नव्याने शिरणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल, गणितात एमएस्सी करत असाल, किंवा आयटीत दोन-चार वर्षं काढल्यावर संशोधनाकडे वळावंसं वाटत असेल. क्लासच्या जाहिरातींत दिसणारं ‘एथिकल हॅकिंग’ हे वेगळं काम आहे. ते वाईट नाही, पण त्याच्या सर्टिफिकेटांनी या दारातून आत जाता येत नाही.

पायरी १: आधी ‘पक्ष’ वाचायला शिका

दहावीच्या भूमितीच्या वहीत आपण पक्ष, साध्य आणि सिद्धता असे तीन मथळे घालायचो. या क्षेत्रातला प्रत्येक निकाल त्याच तीन मथळ्यांत बसतो. साध्य म्हणजे जे सिद्ध करायचं ते: चोराला किल्ली कळणार नाही, प्रोग्राम मेमरीच्या हद्दीबाहेर वाचणार नाही, एका युजरचा डेटा दुसऱ्याला दिसणार नाही. सिद्धता आता बहुतेक वेळा यंत्र तपासतं. आणि पक्ष म्हणजे आपण गृहीत काय धरलं: हल्लेखोर काय-काय करू शकतो, कोणत्या हार्डवेअरवर भरवसा ठेवला, मॉडेलमध्ये काय घेतलं आणि काय सोडलं.

नवी मंडळी सिद्धतेवर भाळतात, आणि ते स्वाभाविकही आहे. पण सिक्युरिटीत बहुतेक अपघात होतात ते पक्षात. वाय-फायच्या डब्ल्यूपीए२ मध्ये चार निरोपांचा हँडशेक आहे. त्याची सिद्धता २००५ साली प्रसिद्ध झाली. २०१७ साली बेल्जियमच्या केयू लूव्हेन विद्यापीठातले माथी व्हानहूफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी क्रॅक हा हल्ला दाखवला. तिसरा निरोप पुन्हा पाठवला की फोन किंवा लॅपटॉप आधी बसवलेली किल्ली परत बसवतो, पॅकेटांची मोजणी शून्यापासून सुरू होते आणि एन्क्रिप्शन ढिलं पडतं. जुनी सिद्धता चुकीची ठरली नाही. किल्ली कधी बसवायची हा मुद्दाच तिच्या मॉडेलमध्ये नव्हता.

याची चांगली बाजूही बघा. ऑस्ट्रेलियातल्या निक्टा संस्थेच्या गटाने २००९ मध्ये एसईएल४ या मायक्रोकर्नेलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या छोट्याशा गाभ्याची, सिद्धता मांडली. सी भाषेतल्या सुमारे ८,७०० ओळींसाठी इझाबेल या सिद्धता तपासणाऱ्या टूलमध्ये सिद्धतेच्या जवळपास दोन लाख ओळी लिहाव्या लागल्या. त्या निबंधात गृहीतकं स्पष्ट दिली आहेत: कंपायलर बरोबर आहे, असेंब्लीचा भाग बरोबर आहे, हार्डवेअर सांगितल्याप्रमाणे वागतं. पुढे गटाने त्यातली काही गृहीतकं एकेक करून कमी केली, सिद्धता थेट बायनरीपर्यंत नेली. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरवरचे हल्ले जाहीर झाले, तेव्हा प्रोसेसरच्या वेळेच्या फरकांतून गुपितं झिरपतात हे सगळ्यांना दिसलं. एसईएल४ची गृहीतकं लिहून ठेवलेली असल्यामुळे सिद्धतेची हद्द कुठे संपते हे नेमकं सांगता आलं. ‘आमचं सॉफ्टवेअर सुरक्षित आहे’ एवढंच म्हणणाऱ्यांना ती सोय नव्हती.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: कुठेही ‘सिद्ध केलं आहे’ असं वाचलं की कोणाविरुद्ध, काय धरून आणि नेमकं काय, हे कागदावर लिहा.

पायरी २: एक प्रोटोकॉल हाताने मोडा

कोणतंही टूल डाउनलोड करण्याआधी वही घ्या आणि लो यांचा हल्ला स्वतः करून बघा. संध्याकाळभराचं काम आहे.

अनघाला भास्करशी बोलायचं आहे. दोघांनाही एकमेकांची पब्लिक-की माहीत आहे. भास्करच्या किल्लीने बंद केलेला निरोप फक्त भास्कर उघडू शकतो, असं धरू. पहिल्या निरोपात अनघा एक नवी, कुणालाही अंदाज येणार नाही अशी संख्या आणि आपलं नाव भास्करच्या किल्लीत बंद करून पाठवते. दुसऱ्या निरोपात भास्कर तिची संख्या आणि स्वतःची एक नवी संख्या अनघाच्या किल्लीत बंद करून पाठवतो. तिसऱ्यात अनघा भास्करची संख्या त्याच्या किल्लीत बंद करून परत करते. तिची संख्या परत आली म्हणजे समोर भास्करच आहे, आणि त्याची संख्या परत आली म्हणजे समोर अनघाच आहे, असा युक्तिवाद. वाचताना पटतो.

आता मल्हारला आणा. तो याच नेटवर्कचा रीतसर सदस्य आहे, त्याची स्वतःची किल्ली आहे, पण नियत चांगली नाही. अनघा काही कामासाठी मल्हारशी संभाषण सुरू करते आणि आपली संख्या व नाव मल्हारच्या किल्लीत पाठवते. मल्हार तो निरोप उघडतो, भास्करच्या किल्लीत पुन्हा बंद करतो आणि भास्करकडे ढकलतो. भास्करला वाटतं, अनघाने बोलणं सुरू केलं. तो दोन्ही संख्या अनघाच्या किल्लीत बंद करून उत्तर देतो. मल्हारला हा निरोप उघडता येत नाही. तो तसाच अनघाकडे जाऊ देतो. अनघाला त्यात आपली संख्या दिसते. हे मल्हारचंच उत्तर, असं समजून ती दुसरी संख्या मल्हारच्या किल्लीत बंद करून मल्हारला पाठवते. मल्हारच्या हाती भास्करचं गुपित आलं. ते तो भास्करच्या किल्लीत घालून पाठवतो. भास्करला खात्री पटते की आपण अनघाशी बोलतोय आणि दोन्ही संख्या फक्त आपल्या दोघांत आहेत.

एकही कुलूप फुटलेलं नाही. क्रिप्टोग्राफी जशीच्या तशी शाबूत आहे. तरी ओळख पटवण्याचं काम फसलं, कारण हल्लेखोर नेटवर्कचा सदस्यच असू शकतो हे आधीच्या पक्षात नव्हतं. लो यांची दुरुस्ती एका शब्दाची आहे: दुसऱ्या निरोपात भास्करने आपलं नावही घालायचं. आता अनघा निरोप उघडते, मल्हारचं नाव अपेक्षित असताना भास्करचं दिसतं, आणि ती थांबते. लो यांनी पुढे १९९६ मध्ये एफडीआर या मॉडेल चेकरने, म्हणजे शक्य त्या सगळ्या घडामोडी तपासणाऱ्या टूलने, मूळ प्रोटोकॉलवरचा हा हल्ला आपोआप सापडतो हेही दाखवलं.

हे जमलं की प्रोव्हेरिफ किंवा टॅमरिन या प्रोटोकॉल तपासणाऱ्या टूल्सपैकी एक घ्या आणि तोच प्रोटोकॉल त्यात लिहा. प्रोव्हेरिफ फ्रान्सच्या इन्रियात ब्रुनो ब्लांशे यांनी घडवलं, टॅमरिनची मुळं ईटीएच झुरिकमध्ये आहेत. दोन्ही मोफत आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. आधी हल्ला सापडू द्या, मग नाव घालून दुरुस्ती करा आणि हल्ला नाहीसा होतो का बघा. वहीवर केलेलं काम पदरी असल्यामुळे टूल काय सांगतंय ते कळेल. हाताने न करता थेट टूलकडे गेलेल्यांना हिरवी खूण दिसते, पण ती कशाची ते सांगता येत नाही.

ही नुसती शाळेतली उदाहरणं राहिलेली नाहीत. वेबसाइटशी होणारं बोलणं गुप्त ठेवणारा टीएलएस १.३ हा प्रोटोकॉल आज तुमच्या ब्राउझरमध्ये चालतो. त्याचा मसुदा तयार होत असतानाच अनेक गट तो टॅमरिन, प्रोव्हेरिफसारख्या साधनांनी तपासत होते. जोडणी झाल्यावर प्रमाणपत्र देऊन ओळख पटवण्याच्या एका प्रस्तावावर टॅमरिनच्या गटाला हल्ला सापडला आणि तो मानक ठरण्याआधीच सुधारला गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये अंतिम आवृत्ती आली. आधी मानक, मग हल्ला, मग पॅच, हा जुना क्रम तिथे उलटला.

पायरी ३: एक छोटा प्रोग्राम शेवटपर्यंत सिद्ध करा

प्रोटोकॉलनंतर प्रोग्राम. बायनरी सर्च घ्या. क्रमाने लावलेल्या यादीत मधला आकडा बघायचा, मग डावी किंवा उजवी बाजू सोडून द्यायची. कोणालाही येतो असं वाटतं.

डॅफ्नी ही भाषा डाउनलोड करा. तिच्यात प्रोग्रामच्या शेजारीच अटी लिहायच्या असतात: सुरुवातीला यादी क्रमाने लावलेली आहे, शेवटी उत्तर आलं तर त्या जागी तीच किंमत आहे, आणि ‘नाही’ आलं तर ती यादीत कुठेच नाही. लूपसाठी इनव्हेरियंट द्यावा लागतो, म्हणजे प्रत्येक फेरीत टिकणारं विधान. इथे तो असा: शोधायची किंमत डाव्या टोकाच्या अलीकडे नाही आणि उजव्या टोकाच्या पलीकडेही नाही. हे वाक्य सुचायला वेळ लागतो, आणि तो वेळ लागू द्या. ही विद्या तिथेच शिकली जाते. इनव्हेरियंट बरोबर बसला की डॅफ्नीच्या पोटातला झेड३ हा सॉल्व्हर, म्हणजे लॉजिकची सूत्रं आपोआप सोडवणारा प्रोग्राम, बाकीचं पार पाडतो.

सिद्धता झाली. आता तोच प्रोग्राम सी भाषेत ३२ बिटांच्या पूर्णांकांनी लिहा आणि सीबीएमसी या टूलला ओव्हरफ्लो तपासायला सांगा. टूल तक्रार करतं. मधली जागा काढताना आपण डावं आणि उजवं टोक मिळवून दोनाने भागतो. डावं १२० कोटी आणि उजवं १३० कोटी असलं, तर बेरीज २५० कोटी. ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात २१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठं काही मावत नाही, त्यामुळे बेरीज सहसा उलटून ऋण होते आणि प्रोग्राम यादीच्या बाहेर हात घालतो. जावाच्या अधिकृत लायब्ररीत हाच बग वर्षानुवर्षं होता. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये त्यावर लिहिलं, तेव्हा तो सगळ्यांना कळला. उपाय सोपा: उजव्यातून डावं वजा करा, निम्मं करा आणि डाव्यात मिळवा.

मग डॅफ्नीची सिद्धता खोटी होती का? नाही. डॅफ्नीतला साधा पूर्णांक गणितातला पूर्णांक आहे, त्याला वरची मर्यादा नाही. पक्ष वेगळा, म्हणून निकाल वेगळा. दोन्ही टूल्स शेजारी ठेवून हा फरक एकदा स्वतः पाहिला की पुढची कित्येक वर्षं कामाला येतो.

यानंतर टूल्सचा खजिना समोर उघडेल: इझाबेल, रॉक (आधी ज्याला कॉक म्हणत), लीन, टीएलए प्लस, अलॉय, स्पिन, फ्रामा-सी. सगळी चाखून बघायचा मोह होईल. माझा आग्रह असा की सहा महिने एकच धरा. सिद्धता स्वतः रचायची गोडी लागली असेल तर रॉक घ्या आणि ‘सॉफ्टवेअर फाउंडेशन्स’ ही मोफत पाठमाला सोडवा. तिच्यातले स्वाध्याय सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका, नुसती वाचून उपयोग नाही. वितरित प्रणाली आवडत असतील तर लेस्ली लॅम्पोर्ट यांची टीएलए प्लस घ्या. सी किंवा रस्ट रोज लिहीत असाल तर सीबीएमसी किंवा रस्टसाठीचं कानी.

पायरी ४: पाया, आणि कशावर वेळ घालवू नये

लागतं ते असं: विधानांचं आणि प्रेडिकेट लॉजिक, इंडक्शन, ऑटोमेटा, सेट आणि संबंध. बारावीचं गणित चांगलं झालेल्याला हे जड नाही, पण डिस्क्रीट मॅथ्सचा पेपर परीक्षेपुरता उरकलेल्यांनी तो पुन्हा मनापासून करावा. सिक्युरिटीच्या बाजूने सी भाषा, ऑपरेटिंग सिस्टिम, स्टॅकवर काय कुठे बसतं, आणि क्रिप्टोग्राफीची तोंडओळख. क्रिप्टोपल्सचे प्रश्न किंवा ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचं प्व्न डॉट कॉलेज हे मोफत मैदान हाताला वळण लावतं. भारतात अमृता विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची बायोस टीम आणि त्यांची इनसीटीएफ स्पर्धा प्रसिद्ध आहे. अशा सीटीएफ, म्हणजे ‘कॅप्चर द फ्लॅग’ या हॅकिंगच्या स्पर्धा, खेळा. हल्लेखोर कसा विचार करतो ते अंगवळणी पडल्याशिवाय त्याला पक्षात नीट मांडता येत नाही.

पाच-सहा प्रोग्रामिंग भाषा, महागडी सर्टिफिकेटं आणि प्रत्येक नवं टूल यांच्यामागे धावायची गरज नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक सूचना. इंग्रजी निबंध वाचताना सिद्धता डोक्यात शिरत नसेल तर ती मराठीत लिहून काढा, मित्राला मराठीत समजावून सांगा. गणित कोणत्या भाषेत कळलं याने फरक पडत नाही. निबंध इंग्रजीत लिहावा लागेल हे खरं, पण ते लेखन सरावाने येतं. सिद्धतेतली फट मात्र भाषा सुधारून बुजत नाही.

पायरी ५: निबंध वाचणं

सिक्युरिटीच्या चार मोठ्या परिषदा: ओकलंड म्हणून ओळखली जाणारी आयट्रिपलई एस अँड पी, युसेनिक्स सिक्युरिटी, एसीएम सीसीएस आणि एनडीएसएस. फॉर्मल मेथड्सकडे कॅव्ह, टॅकास, एफएम, पॉपल. दोन्हींच्या मधोमध सीएसएफ आहे, तिथल्या निबंधांची यादी चाळलीत की या क्षेत्राचा चेहरा कळतो. पैसे कुठेही भरू नका. युसेनिक्सचे निबंध सर्वांसाठी खुले असतात, क्रिप्टोग्राफीचे आयएसीआरच्या ईप्रिंटवर मिळतात, बाकीचे बहुतेक वेळा लेखकाच्या पानावर.

वाचताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ जाऊ नका. आधी हल्लेखोराचं मॉडेल शोधा, मग मुख्य प्रमेय, मग मर्यादांचा परिच्छेद. प्रस्तावना शेवटी वाचा, तिच्यात लेखकाने आपला माल मांडलेला असतो. प्रत्येक निबंधावर अर्धं पान लिहा: पक्ष, साध्य, आणि काय बाहेर राहिलं.

अनेक निबंधांसोबत हल्ली आर्टिफॅक्ट येतो, म्हणजे त्यांचा कोड आणि यंत्राने तपासलेली सिद्धता. तो आपल्या लॅपटॉपवर चालवा. मग एक गृहीतक काढून टाका आणि सिद्धता कुठे मोडते ते बघा. नवख्या माणसाला घरबसल्या करता येण्याजोगं याहून चांगलं संशोधन मला माहीत नाही. प्रोफेसरांना दाखवायला हाती काहीतरी येतं ते वेगळंच.

आपल्याकडचे विषयही वाट बघत आहेत. युसेनिक्स सिक्युरिटी २०२० मध्ये यूपीआय आणि पेमेंट ॲप्सच्या सुरक्षेवर मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाचा निबंध आला. प्रोटोकॉलचा तपशील खुला नसल्यामुळे त्यांना ॲप्स उलगडून तो शोधून काढावा लागला. कोट्यवधी लोक रोज ज्यावर पैसे फिरवतात ती व्यवस्था पक्ष-साध्य मांडून तपासणं हे काम आपल्या माणसांनी करायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पायरी ६: कायद्याची रेषा

ही पायरी गाळू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ आणि ६६ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय, अप्रामाणिक हेतूने त्याच्या सिस्टिममध्ये शिरणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे सिद्ध करण्याची वेळ स्वतःवर येऊ देऊ नका. २०१० साली हैदराबादचे हरी प्रसाद यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर मतदान यंत्राच्या सुरक्षेवर निबंध लिहिला. अभ्यासलेलं यंत्र मुंबईतल्या सरकारी साठ्यातून चोरीला गेल्याच्या आरोपावरून त्यांना त्या ऑगस्टमध्ये अटक झाली आणि जामीन मिळेपर्यंत कोठडीत राहावं लागलं.

त्यामुळे स्वतःच्या मशीनवर, स्वतः विकत घेतलेल्या उपकरणावर, किंवा बग बाउंटीत (चुका शोधून देणाऱ्यांना कंपनी बक्षीस देते त्या योजनेत) लेखी मुभा दिली आहे तेवढ्यावरच काम करा. वस्तू कुठून आली याची पावती ठेवा. कुणाच्या सिस्टिममध्ये भोक आढळलंच तर तिथेच थांबा, दुसऱ्यांचा डेटा उघडू नका, आणि संबंधितांना किंवा सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवा. फॉर्मल मेथड्सचा एक मोठा फायदा इथे दिसतो. प्रोटोकॉलचं मॉडेल तपासायला कुणाच्या सर्व्हरला हात लावावा लागत नाही.

पायरी ७: जागा शोधणं

मुंबईत आयआयटीत फॉर्मल मेथड्सची जुनी आणि भक्कम परंपरा आहे. तिथले सुप्रतीक चक्रवर्ती, तिथूनच शिकून गेलेले कुलदीप मील आणि मोशे वार्डी यांनी २०१३ मध्ये मांडलेली अप्रॉक्स-एमसी ही लॉजिकच्या सूत्राची उत्तरं अंदाजे मोजायची पद्धत जगभर वापरली जाते. टीआयएफआरमध्ये सिद्धांताची बाजू मिळेल. पुण्यात टीसीएसच्या संशोधन केंद्रातून, म्हणजे टीआरडीडीसीतून, निघालेल्या व्हेरीॲब्स टूलने एसव्ही-कॉम्प या प्रोग्राम तपासणाऱ्या टूल्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवलेला आहे. महाराष्ट्राबाहेर चेन्नईचं सीएमआय आणि आयएमएससी लॉजिकसाठी, बंगळुरूचं आयआयएससी प्रोग्राम व्हेरिफिकेशनसाठी, कानपूर आयआयटी सिस्टिम्सच्या सुरक्षेसाठी, खरगपूर हार्डवेअर सिक्युरिटीसाठी आणि कोलकात्याचं आयएसआय क्रिप्टोग्राफीसाठी.

पीएचडीआधी लोकांना भेटा. भारतीय सॅट-एसएमटी स्कूल ही काही दिवसांची शिबिरं विद्यार्थ्यांसाठीच असतात. डिसेंबरमधली एफएसटीटीसीएस परिषद भारतातच भरते. परदेशात जर्मनीतलं मार्क्टओबरडॉर्फ आणि अमेरिकेतलं ओरेगॉनचं उन्हाळी स्कूल नावाजलेलं आहे. उन्हाळी इंटर्नशिपसाठी डाड-वाइज, मायटॅक्स आणि माक्स प्लांक संस्थांच्या योजना बघा.

प्रवेशाचं गणित थोडक्यात. आयआयटी, आयआयएससीसाठी गेट, तर टीआयएफआर आणि सीएमआय यांच्या स्वतःच्या परीक्षा. सगळीकडे शेवटी मुलाखत ठरवते, आणि तिच्यात फळ्यावर सिद्धता करायला सांगतात. अडलात तर मोठ्याने विचार करा. कुठे अडलात हे सांगता येणं हीच तिथे तपासली जाणारी गोष्ट. जेआरएफची (ज्युनिअर रिसर्च फेलोशिपची) रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. पंतप्रधान संशोधन फेलोशिपची रक्कम ७०,००० पासून सुरू होते. घरी उत्पन्न देण्याची जबाबदारी असेल तर हा आकडा घरच्यांपुढे आधीच ठेवा.

परदेशात अमेरिकेत बीटेकनंतर थेट पीएचडीला जाता येतं, पाच-सहा वर्षं लागतात, फी माफ होऊन असिस्टंटशिप मिळते. जर्मनीत पीएचडीचा विद्यार्थी पगारी कर्मचारी असतो. तिथे झारब्रुकेनचं सिस्पा, झारब्रुकेन आणि कायझर्सलाउटर्नमधलं माक्स प्लांक सॉफ्टवेअर संस्थान आणि बोखुमचं माक्स प्लांक सिक्युरिटी संस्थान ही या विषयाची माहेरघरं आहेत. फ्रान्सचं इन्रिया, व्हिएन्नाजवळचं इस्टा आणि स्वित्झर्लंडचं ईटीएच ही आणखी नावं. अमेरिकेतल्या बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबरात संपते, म्हणून शिफारसपत्रांसाठी गणपतीच्या आसपासच विचारा. दिवाळीनंतर विचारलं की घाईघाईत लिहिलेलं पत्र मिळतं.

संस्थेच्या नावापेक्षा गाइड महत्त्वाचा. त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोला: किती वर्षांत पीएचडी झाली, मध्येच कोण सोडून गेलं आणि का, निबंधावर पहिलं नाव कुणाचं. हे विचारायला संकोच वाटतो, पण पाच वर्षांचा प्रश्न आहे.

मेल लिहिताना ‘आपल्या थोर कार्याने प्रभावित झालो’ ही सुरुवात टाळा. तोच मजकूर पन्नास जणांना पाठवलेला असतो हे प्रोफेसरांना पहिल्या ओळीत कळतं. त्याऐवजी: तुमचा अमुक निबंध वाचला, आर्टिफॅक्ट चालवला, तमुक गृहीतक काढल्यावर सिद्धता या लेमापाशी अडते, ते गृहीतक सौम्य करता येईल का? सोबत कोडची लिंक आणि स्वतःबद्दल दोन ओळी. दहा ओळींच्या आत. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

पायरी ८: पीएचडीशिवायच्या आणि नंतरच्या नोकऱ्या

भारतात फॉर्मल मेथड्सच्या नोकऱ्या सर्वांत जास्त कुठे आहेत असं विचाराल, तर चिप डिझाइनमध्ये. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियममधली भागाकाराची चूक बाहेर आली आणि कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड बसला. त्यानंतर या उद्योगाने फॉर्मल व्हेरिफिकेशन मनावर घेतलं. बंगळुरू, हैदराबाद, नोएडा इथे ‘फॉर्मल व्हेरिफिकेशन इंजिनिअर’ या नावाने जागा निघतात. बीई किंवा एमटेक चालतं. सिस्टिमव्हेरिलॉग असर्शन्स आणि जॅस्परगोल्डसारखी टूल्स यायला हवीत.

क्लाउडमध्ये ॲमेझॉनने टीएलए प्लस वापरून एस३, डायनमोडीबीसारख्या सेवांमधल्या चुका कशा पकडल्या ते २०१५ मध्ये स्वतः लिहिलं आणि पुढे ऑटोमेटेड रीझनिंगचा मोठा गट उभा केला. क्रिप्टो लायब्ररींमध्ये हॅकल-स्टार या लायब्ररीचा सिद्ध केलेला कोड २०१७ पासून फायरफॉक्समध्ये आहे, आणि ज्या एफ-स्टार भाषेत तो लिहिला तिच्यावर बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधूनही काम झालं आहे. रेल्वेत पॅरिस मेट्रोची १९९८ मध्ये सुरू झालेली चालकविरहित १४ नंबरची लाइन बी-मेथड या फॉर्मल पद्धतीने सिद्ध केलेल्या सॉफ्टवेअरवर धावते. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारे प्रोग्राम, तपासणाऱ्या कंपन्या पैसे चांगले देतात, पण बाजार वरखाली झाला की भरती थांबते.

पुण्या-मुंबईत आयटीत असाल आणि नोकरी सोडणं शक्य नसेल, तर सध्याच्याच कामातला सर्वांत नाजूक भाग निवडा: लॉक, रिट्राय, पेमेंटची दोनदा नोंद होण्याची शक्यता. त्याचं टीएलए प्लसमध्ये पानभर मॉडेल करा. ऑफिसचा कोड बाहेर नेऊ नका, कल्पनेचं मॉडेल पुरतं. त्यात खरा बग सापडला तर मॅनेजरला दाखवा. मुलाखतीत सांगायला त्याहून चांगलं काही नसतं. आणि मुलाखतीत तुम्हीही एक प्रश्न विचारा: इथे स्पेसिफिकेशन कोण लिहितं, आणि ते डिझाइनरशी बसून ठरतं की तयार हातात येतं? डिझाइनरशी बसून ठरतं असं उत्तर आलं, तर पगार थोडा कमी असला तरी ती जागा घ्या.